ईमच्या शिवेवरचा दगड

आज शेफील्डहून बसने इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या ईम गावाला जाऊन आलो. पाटी वाचून मी ड्रायव्हरला ‘एयाम’ म्हणालो. तो हसला. म्हणे, ‘ईम!’

१६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून इथे प्लेग शिरला आणि पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. आमची आजी सांगायची, प्लेग आला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधायचे. इथे नेमकं उलटं.

शेजारच्या स्टोनी मिडल्टन गावाच्या वाटेवर शिवेचा दगड आहे, भोकं पाडलेला. रोग नाण्यांवरून पसरू नये म्हणून गावकऱ्यांनी भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची. त्या बदल्यात बाहेरचे लोक अन्नधान्य ठेवून जायचे. मी एका भोकात बोट घातलं. पावसाचं गार पाणी.

मग चढ चढून रायली नावाच्या शेतातल्या, हॅनकॉक कुटुंबाच्या कबरींकडे. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने. पलीकडे मेंढ्या चरत होत्या, दगडी कुंपणावर एक कावळा. तिथे बराच वेळ बसलो. फोटो काढवेना.

त्यात परतीची बस चुकली. चहा मात्र बरा होता, आल्याशिवाय जितका असू शकतो तितका.