आज यू तोंडाची ग्रिप पक्कड लावली
आज एका जुन्या गाडीचा दाराखालचा सडका पत्रा कापून नवीन बसवला. आधी साधी सी क्लॅम्प (सी आकाराचा स्क्रूचा शिकंजा) लावायचो, ती नेमकी वेल्डिंगचा टाका मारायच्या जागेवरच बसायची, मग पत्रा हाताने दाबून धरा, तो हलला की दाराची गॅप गेली, परत ग्राइंडरने टाका काढा. ही यू तोंडाची दोन्ही बाजूंनी धरते आणि मधे वेल्डिंगच्या टॉर्चला मोकळी जागा, मागचा स्क्रू फिरवून जाडी सेट केली की खट्कन लॉक! पत्रा जेमतेम पाऊण मिलीचा, एकाच जागी रेंगाळलो तर भोक, म्हणून लांब लांब टाके मारले. लॉक होणाऱ्या पक्कडीचं पेटंट १९२४ चं, अमेरिकेतल्या नेब्रास्कातल्या विल्यम पीटरसनचं, तोही लोहारच, खूप भारी वाटलं. दार लावलं तर गॅप एकसारखी, किती वेळ बघत उभा होतो.