ऊर्जेसाठी एकच रकाना : स्टाऊच्या शोधाचा माझा अनुभव

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकावर 2000 साली नोंदल्या गेलेल्या टकरींमध्ये स्टाऊ हा काल्पनिक कण शोधणे, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. त्या कामाची आठवण निघाली की आजही प्रथम डोळ्यांसमोर येतो तो सिम्युलेशनची, म्हणजे संगणकावर तयार केलेल्या कृत्रिम टकरींची, मागणी नोंदवण्याचा एक फॉर्म.

सुपरसिमेट्रीचा सिद्धान्त असे मानतो की, प्रत्येक ज्ञात कणाला स्पिन अर्ध्याने वेगळा असलेला एक जोडीदार असतो. टाऊ लेप्टॉन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, आणि त्याचा जोडीदार म्हणजे स्टाऊ. तो तयार झालाच तर जोडीने होईल, प्रत्येक स्टाऊमधून एक टाऊ आणि एक न्यूट्रॅलिनो (याच सिद्धान्तातला विद्युतभार नसलेला कण) निघेल, आणि न्यूट्रॅलिनो कोणत्याही उपकरणाला न जाणवता निघून जाईल. म्हणून शोधायचे ते हरवलेल्या ऊर्जेचे आणि संवेगाचे चिन्ह. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत सुरुवातीची ऊर्जा ठाऊक असते, त्यामुळे हरवलेला हिशेब मांडता येतो. प्रोटॉनच्या टकरीत ही सोय नसते. डेटा वाचणे, संकेताचे, म्हणजे स्टाऊच्या घटनांचे, सिम्युलेशन करणे, पहिले कट (नको त्या घटना गाळण्याच्या अटी) ठरवणे, हे सगळे विनासायास झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

घोडे अडले ते द्विफोटॉन प्रक्रियेपाशी. टकरणारे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन स्वतः शलाकानलिकेतून पुढे निघून जातात आणि त्यांनी सोडलेल्या फोटॉनांमधून टाऊची जोडी तयार होते. अशा जोड्या हजारोंच्या संख्येने होतात, तर 85 जीईव्ही (कणांची ऊर्जा व वस्तुमान मोजण्याचे एकक) वस्तुमानाचे स्टाऊ त्या वर्षभराच्या डेटात वीसच्या आसपास जोड्यांनी अपेक्षित होते. निसटलेला इलेक्ट्रॉन लहान कोनातील कॅलरीमीटरच्याही (शलाकेलगत बसवलेल्या ऊर्जामापकाच्याही) आतून गेलेला असल्याने त्याने नेलेल्या आडव्या, म्हणजे शलाकेशी काटकोनातल्या, संवेगाला मर्यादा असते. 100 जीईव्हीचा इलेक्ट्रॉन 30 मिलिरेडियनच्या आतून निसटला तर तो 3 जीईव्हीहून अधिक आडवा संवेग नेऊ शकत नाही. मात्र टाऊच्या क्षयात न्यूट्रिनो निघतात, तेही संवेग पळवतात आणि ही सरळ मर्यादा कोलमडते. यावर उपाय असा की, हरवलेल्या आडव्या संवेगाचा टाऊंच्या दिशेशी काटकोनात असलेला घटक तेवढा पाहायचा, कारण न्यूट्रिनो बहुतांशी टाऊच्याच दिशेने जातात. स्टाऊ आणि न्यूट्रॅलिनो यांच्या वस्तुमानांत फरक थोडा असेल तर दिसणारी ऊर्जाही थोडी असते, आणि मग या उपायाशिवाय गत्यंतर नसते.

हे सगळे मांडून झाल्यावर अंतर्गत परीक्षण समितीने रास्त प्रश्न विचारला : कटमधून उरलेली द्विफोटॉन पार्श्वभूमी, म्हणजे स्टाऊसारख्या भासणाऱ्या घटना, किती, आणि तिच्यातील अनिश्चितता किती? या प्रक्रियेच्या सिम्युलेशनचा उपलब्ध नमुना डेटापेक्षाही लहान होता आणि तो तयार करतानाच कमी वस्तुमानाच्या टाऊ-जोड्या गाळून टाकलेल्या होत्या. मला नेमक्या त्याच हव्या होत्या. नवा नमुना मागण्यासाठी आमच्या प्रयोगगटाच्या सिम्युलेशन विभागाचा फॉर्म भरावा लागे आणि त्यात शलाकांच्या ऊर्जेसाठी एकच रकाना होता. 2000 साली लेप चालवणारे लोक जास्तीत जास्त ऊर्जा गाठण्यासाठी शलाका फिरत असतानाच ऊर्जा थोडीथोडी वाढवत असत. त्यामुळे डेटा एका ऊर्जेचा नव्हताच. दोन्ही शलाकांची ऊर्जा मिळून तो सुमारे 200 पासून 209 जीईव्हीपर्यंत पसरलेला होता. रकान्यात व्याप्ती लिहिली की फॉर्म ‘ऊर्जा निश्चित करावी’ असा शेरा घेऊन परत येई. 207 लिहिले की समिती 205 जवळच्या डेटाचे काय, असे विचारी. दोन ऊर्जांसाठी दोन फॉर्म भरले, तर दुसरा पुनरावृत्ती समजून बंद करण्यात आला. त्यातच प्राधान्याचा क्रम. त्या उन्हाळ्यात 115 जीईव्हीच्या आसपास हिग्ज हा तोवर न सापडलेला कण दिसत असल्याची शक्यता चर्चेत आली, त्वरकाला मुदतवाढ मिळाली आणि संगणकांचा वेळ हिग्जकडे वळला, हे मला तेव्हाही समजत होते. 2 नोव्हेंबर 2000 रोजी लेप बंद झाल्यावर तरी रांग ओसरेल असे वाटले होते, परंतु मग संपूर्ण डेटाची फेरप्रक्रिया सुरू झाली आणि रांग रेशनच्या दुकानासारखी आणखी लांबली. विचारणा केली की उत्तर येई, ‘विनंती नोंदलेली आहे.’ कोठे, ते कोणी सांगत नसे.

अखेर वाट पाहणे सोडून मी डेटाचाच आधार घेतला, आणि याचा मला अजूनही अभिमान आहे. ज्या घटनांमध्ये निसटू पाहणारा इलेक्ट्रॉन लहान कोनातील कॅलरीमीटरवर आपटलेला असतो, त्या आपण एरवी फेकून देतो. मी त्या वेगळ्या काढून त्यांच्यावर उरलेले सगळे कट लावले आणि हाती असलेल्या अपुऱ्या सिम्युलेशनशी पडताळले. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ही पडताळणी पाहून पार्श्वभूमीचा आकडा मान्य केला. मागितलेला नमुना नंतर आला, तेव्हा माझे प्रकरण लिहून झालेले होते.

स्टाऊ काही सापडला नाही. लेपवरील चारही प्रयोगांच्या एकत्रित निकालात, वस्तुमानांतील फरक पुरेसा असल्यास, स्टाऊ याहून हलका नाही असे सांगणारी मर्यादा सुमारे 86 जीईव्हीपर्यंत गेली. चार्जिनो या सुपरसिमेट्रीतल्याच विद्युतभारित कणाची मात्र अनुकूल परिस्थितीत 103 च्या पुढे, म्हणजे जवळजवळ एका शलाकेच्या ऊर्जेपर्यंत. स्टाऊसारख्या स्पिनरहित कणांची निर्मिती उंबरठ्याजवळ, म्हणजे जोडी तयार होण्यापुरतीच ऊर्जा असताना, वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणून स्टाऊच्या वाट्याला कमी येते. आकडा लहान दिसतो म्हणून काम कमी झाले असे कोणी समजू नये.

आज भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकांसाठी असाच अभ्यास करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, पार्श्वभूमीच्या नमुन्याची मागणी कट ठरवण्याच्या आधी नोंदवा आणि निर्मितीच्या वेळी काय गाळले जाते ते लेखी विचारून घ्या. लहान कोनातील कॅलरीमीटर किती आतपर्यंत पोहोचतो, हे आराखड्याच्या टप्प्यावरच तपासा, कारण तो कोन थोडा वाढला तरी वस्तुमानांतील कमी फरकाचा प्रदेश हातचा जातो. आणि हे आधीच सांगायला हवे होते : डेटाच्या प्रत्येक तुकड्याची ऊर्जा नोंदवह्यांतून काढून स्वतःच्या तक्त्यात ठेवा, फॉर्म एकच आकडा मागतो तेव्हा कोणता द्यायचा, हे त्या तक्त्यावरूनच ठरवता येते.