वाऱ्याचा आडोसा

बेल्जियममधल्या गेंट शहरात आल्यावर पहिल्या रविवारी सायकल काढली, तेव्हा वाटलं होतं की सपाट प्रदेश आहे, घाट नाही, मजेत फिरून येऊ. स्खेल्दे नदीच्या काठाने औदेनार्दे गावाकडे एक वाट जाते. पूर्वी घोडे आणि माणसं तिच्यावरून चालत बोटी ओढायची, आता ती सायकलवाल्यांची झाली आहे. अंतर तीसेक किलोमीटर आणि चढ एकही नाही. तरी मला पोचायला पावणेदोन तास लागले आणि मांड्या भरून आल्या. परत येताना तेच अंतर तासाभरात संपलं. इथे वारा बरेचदा नैर्ऋत्येकडून येतो, आणि औदेनार्देही गेंटपासून साधारण त्याच बाजूला आहे. घाटाला माथा असतो, तिथे पोचलं की सुटका होते. वाऱ्याला माथा नसतो.

वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलं की सायकलवाल्याचं बहुतेक बळ हवा कापण्यातच जातं. पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून राहिलं, तर त्यातलं पाव ते एक तृतीयांश बळ वाचतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. अंगाने समजलं ते इथल्या एका क्लबबरोबर जायला लागल्यावर.

रविवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण निघतो. बेल्जियमच्या नियमानुसार पंधरा किंवा जास्त सायकलस्वार गटाने चालले असतील, तर त्यांनी सायकलपट्टीवरच राहायला हवं असं नाही. मुख्य रस्त्यावरून दोघं दोघं शेजारी चालता येतं. पुढचा ओरडतो "पुट!", म्हणजे खड्डा. "तेखन!" म्हणजे समोरून काहीतरी येतंय. ही हाक एकेकाच्या तोंडून शेवटापर्यंत पोचते. मला डच भाषेतले पहिले उपयोगाचे शब्द असे रस्त्यावर मिळाले, आणि ते विसरणं शक्यच नव्हतं, कारण पुढच्याचं चाक माझ्या चाकापासून हातभर अंतरावर होतं.

वारा अंगावर घ्यायला पहिल्यांदा पुढे जायची माझी पाळी आली तेव्हा मी जोर लावला. मला वाटलं, इतका वेळ या लोकांनी मला आडोसा दिला, आता आपणही काहीतरी दाखवावं. दोन मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर रांग तुटली होती. क्लबमधले साठीच्या पुढचे एक गृहस्थ शेजारी आले आणि शांतपणे म्हणाले, "पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही, आहे तोच ठेवायचा. दमायच्या आधी बाजूला व्हायचं." मला आजवर मिळालेला सायकलिंगचा सर्वांत मोलाचा धडा तो. पुढची पाळी आपल्या ताकदीच्या प्रदर्शनासाठी नसते, मागच्यांसाठी असते.

आडवा वारा आला की प्रकरण आणखी अवघड होतं. तेव्हा आडोसा नेमका मागे मिळत नाही, तिरका मिळतो. मग सगळे रस्त्याच्या रुंदीत तिरपे पसरतात. त्याला इथे वायेर म्हणतात, म्हणजे पंखा. रस्त्याची रुंदी संपली की पंख्यात जागा संपते, आणि उरलेले कडेच्या गटाराला लागून एकटे वाऱ्याशी झुंजतात.

औदेनार्देच्या आसपास टेकड्या आहेत, आणि त्यांच्यासाठीच जगभरचे लोक इथे येतात. १९१३ मध्ये सुरू झालेली फ्लँडर्सची व्यावसायिक सायकल शर्यत याच दगडी चढांवरून जाते, आणि व्यावसायिकांच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हजारो हौशी लोक तेच चढ चढतात. त्यांपैकी कोपेनबर्ग जेमतेम ६०० मीटर लांब आहे, पण एका जागी त्याचा चढ २२ टक्क्यांपर्यंत जातो, वर उघडेबोडके दगड. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक घसरतं, बसून मारलं तर पुढचं उचलतं. वाट इतकी अरुंद की १९८७ मध्ये तिथे पडलेल्या जेस्पर स्किबी या डॅनिश सायकलपटूच्या सायकलवरून अधिकाऱ्यांची गाडी गेली, आणि त्यानंतर २००२ पर्यंत हा चढ शर्यतीतून वगळलेला होता. इथे कोणाच्या मागे लपण्यात अर्थ नसतो. वेगच इतका कमी होतो की वारा उरतच नाही. पुढचा एक थांबला की मागचे सगळे उतरून चालतात. मी तीनदा चालत गेलो. चौथ्यांदा सायकलवरून वर पोचलो, तेव्हा पाच मिनिटं कुंपणाला टेकून नुसता श्वास घेत उभा होतो. इतका आनंद मला फार थोड्या गोष्टींनी दिला आहे.

हिवाळा कठीण जातो. डिसेंबरात पाचच्या आधी अंधार, ओले दगड, बधिर बोटं. मडगार्ड नसेल तर आपण होऊन रांगेत शेवटी जावं, नाहीतर चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडतो. आणि खाणं विसरलं तर "होंगरक्लोप" होतो, भुकेचा तडाखा. पाय एकदम रिकामे होतात, डोळ्यांपुढे रस्ता हलतो. म्हणून मी भूक लागायची वाट पाहत नाही, दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात पहिली शर्यत केली. गावजत्रेच्या दिवशी इथे गावाभोवती शर्यत असते, तिला केर्मिसकूर्स म्हणतात. कॅफेत जाऊन नंबर घ्यायचा, पाठीवर पिनांनी लावायचा, आणि आठ किलोमीटरच्या दहा फेऱ्या. वळणावर पुढचे किंचित हळू होतात, मागचे जवळजवळ थांबतात, आणि मग सुटलेलं अंतर भरायला प्रत्येक वळणानंतर जीव तोडून पळावं लागतं. मी शेवटच्या दहात होतो, म्हणजे हा दंड मला दरवेळी बसत होता. पुढे सरकण्याइतका धीर मी केला नाही, ती चूक माझीच. सहाव्या फेरीत चर्चजवळच्या वळणावर पुढच्याचं चाक दोन मीटर लांब गेलं, मग पाच, मग वीस. घोळका मक्याच्या शेतापलीकडे दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने मागून आणखी एक सुटलेला आला. काही न बोलता माझ्यापुढे गेला, मिनिटभर वारा घेतला आणि कोपर हलवलं, म्हणजे आता तुझी पाळी. मी पुढे झालो. वेग वाढवला नाही, तोच ठेवला. अशा पाळ्या घेत आम्ही अडीच फेऱ्या काढल्या. मग घोळक्याने एक फेरी जास्त मारून आम्हाला मागून गाठलं, आणि नियमाप्रमाणे पंचांनी बाहेर काढलं. आम्ही सायकली भिंतीला लावल्या. त्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मला दिलं, आणि शेवटची फेरी आम्ही दोघांनी लोकांमध्ये उभं राहून पाहिली.