सदऱ्यावरचे मीठ

होळी नुकतीच झाली होती आणि धुळ्यातील माझ्या दवाखान्यात साक्री तालुक्यातले एक जोडपे पतीच्या आईला घेऊन आले होते. लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नव्हते. फाईल जाड होती, पण तिच्यातले बहुतेक कागद सुनेच्या तपासण्यांचे होते. पतीच्या वीर्यतपासणीचा एकच अहवाल, त्यावर ‘शुक्राणू शून्य’ असा शेरा आणि त्यापुढे वर्षभर शुक्राणू वाढवण्याच्या गोळ्या.

मला त्या शून्यापेक्षा शेजारचे आकडे बोलके वाटले. वीर्य जेमतेम 0.6 मिलिलिटर, तेही आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही. हे तिन्ही एकत्र आले की शुक्राणू तयार होत असूनही बाहेर येण्याची वाट नसावी, अशी शंका येते. तपासताना दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या हाताला लागल्याच नाहीत. त्या जन्मतःच नव्हत्या, तेव्हा गोळ्या कितीही दिल्या तरी काय साधणार होते?

सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे घट्ट स्रावांमुळे फुप्फुसांना त्रास देणारा आणि घाम खारट करणारा आनुवंशिक आजार, असलेल्या सुमारे 97 ते 98 टक्के पुरुषांना मूल न होण्याचे कारण बहुधा हेच असते. छातीचा त्रास अगदी सौम्य असला तरीही. म्हणून मी बालपणाविषयी विचारले, तेव्हा दमा समजून वर्षानुवर्षे झालेले उपचार आणि उन्हाळ्यात शेतात दोनदा आलेली भोवळ समजली. त्याच्या निळ्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. आमच्याकडच्या उन्हात असे पट्टे कोणाच्याही सदऱ्यावर दिसतात, त्यामुळे मी ते सोडूनच दिले असते, पण आई सहज म्हणाली, “धाकला व्हता तवय याना पापा लिधा का खारट लागे.”

घामातील क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, लिटरमागे 68 मिलिमोल आले. 60 किंवा त्याहून अधिक असेल तर हा आजार गृहीत धरतात. जनुकतपासणीत दोन दोष निघाले, आईकडून आलेला तीव्र आणि वडिलांकडून आलेला सौम्य. वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणे, करता येते, तेव्हा बाप होणे शक्य होते. परंतु पत्नी त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, आणि आईकडचा दोष तिच्यातही असण्याची शक्यता चारात एक होती. मी तिचेही रक्त पाठवले.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर असताना तिचा अहवाल आला. दोष तिच्यातही होता. केसपेपरच्या मागे वंशवृक्ष काढून मी सांगितले, की प्रत्येक गर्भाला तीव्र आजाराची शक्यता चारात एक, वडिलांसारख्या सौम्य आजाराची चारात एक आणि उरलेल्या निम्म्या वेळी मूल केवळ वाहक असेल, म्हणजे एकच दोष असेल पण आजार नसेल. म्हणून गर्भ रुजवण्याआधी त्याची जनुकतपासणी करावी. पतीला मी छातीच्या तज्ज्ञांकडेही पाठवले, कारण मूल वाढवायला बापाची फुप्फुसे धड राहायला हवीत.

सहा वर्षे सुनेलाच, म्हणजे स्वतःच्याच भाचीला, दोष देणाऱ्या सासूबाई कागदावरच्या रेषेवरून बोट फिरवत आपल्या भावाच्या नावाशी थांबल्या. मग त्यांनी हळूच सांगितले, की आखाजीला धाकट्याची सुपारी फोडायची आहे आणि मुलगी याच सुनेची पाठची बहीण आहे.

मी धाकट्याला दुसऱ्या दिवशी रक्त देण्यासाठी बोलावले.