शंभराचं तिकीट

"ताई, हे बाल्कनीचं तिकीट आहे ना? मग खालच्यापेक्षा स्वस्त कसं?"

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमबाहेर तिकीट मदतीच्या टेबलामागे मी उभी होते. महिला विश्वचषकाची अंतिम लढत, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. विचारणारे पन्नाशीचे गृहस्थ होते. शेजारी त्यांची पत्नी, निळ्या टी-शर्टातली शाळकरी मुलगी आणि काठी टेकत उभ्या असलेल्या आजी. चौघांची तिकिटं वरच्या मजल्याची. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. "आईला नीट दिसावं म्हणून मुद्दाम बाल्कनी घेतली हो," ते म्हणाले. "इथे येऊन कळलं की जिने किती आहेत. फरक भरतो, खालची करून द्या."

मला नाही म्हणावं लागलं. रेल्वेत टीसी फरक घेऊन वरच्या वर्गात बसू देतो, तसं इथे होत नाही. प्रत्येक खुर्ची आधीच कुणाच्या तरी नावावर विकली गेलेली असते. आमच्या टेबलाला तर पैशाला हात लावायचीच परवानगी नव्हती. तिकीट बघायचं, गेट सांगायचं, शंका फेडायची, एवढंच काम. आजी काही बोलल्या नाहीत. मुलाच्या दंडाला धरून वळल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

माझी खरी नोकरी नाट्यगृहातली. बुकिंगच्या खिडकीत चौदा वर्षं झाली. पूर्वी कागदी प्लॅन असायचा, विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीनं फुली मारायची. आता तोच प्लॅन संगणकावर आला आहे. मोठ्या सामन्यांच्या दिवशी एक कंत्राटदार आम्हा खिडकीवाल्यांना बोलावतो, कारण एकच गोष्ट शंभर वेळा न चिडता सांगायची आम्हाला सवय असते.

त्या गृहस्थांचा प्रश्न वेडगळ नव्हता. नाटकाला पुढची रांग महाग आणि बाल्कनी स्वस्त, कारण नटाचा चेहरा दिसायला हवा. जुन्या एकपडदा चित्रपटगृहात नेमकं उलटं. पडद्याला नाक लावून बसायचं ते स्टॉल स्वस्त आणि वरची बाल्कनी महाग. आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात ही दोन्ही गणितं पक्की बसलेली असतात, आणि क्रिकेटचं गणित या दोन्हींत बसत नाही. तिथे गोलंदाजाच्या हातामागची, साइटस्क्रीनच्या (गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या) रेषेतली जागा भाव खाते, कारण चेंडू स्विंग झाला की वळला ते तिथूनच कळतं. पॉइंट किंवा स्क्वेअर लेगच्या मागे, म्हणजे खेळपट्टीच्या बाजूला बसलं तर वेग कळतो, वळण कळत नाही. खालच्या मजल्यावर खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात, पण पलीकडच्या सीमारेषेवर काय चाललं आहे याचा अंदाज येत नाही. वरून माणसं लहान दिसतात, पण मैदान अख्खं दिसतं. या स्टेडियमचं छत कँटिलिव्हर पद्धतीचं, म्हणजे फक्त मागून आधार दिलेलं आहे, त्यामुळे प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे खांब येत नाहीत आणि वरची जागा अडगळीची ठरत नाही. हे सगळं तिकिटावर लिहिलेलं नसतं. तिथे मजला, विभाग आणि किंमत एवढंच असतं. माणूस मग किमतीवरूनच ठरवतो की आपल्याला भारी जागा मिळाली की हलकी.

त्यात त्या वर्षी कराचा घोळ. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि आयपीएलच्या तिकिटावरचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. ही बातमी सगळ्यांनी वाचली होती आणि आठवड्याभरानं विश्वचषक सुरू झाला. त्यामुळे शेजारच्याचं तिकीट आपल्यापेक्षा स्वस्त दिसलं की लोक म्हणत, "त्यांनी कर वाढायच्या आधी घेतलं असणार." एका काकांनी तर मोबाइलवरची बातमीच माझ्यासमोर धरली. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. देशाचा संघ खेळतो त्या मान्यताप्राप्त स्पर्धेला तो ४० टक्क्यांचा दर लागत नाही. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर नाही. त्यावर गेलं की १८ टक्के, आणि तोही पूर्ण रकमेवर. म्हणजे मूळ किंमत ५०० असेल तर ५००च द्यायचे, पण ६०० असेल तर ७०८ होतात. काकांनी ते पान फाडून मागितलं. शांत झाले आणि आपल्या गेटकडे गेले. मला अशा वेळी फार बरं वाटतं. त्यांना पैसे परत नको असतात, आपण फसलो नाही एवढीच खात्री हवी असते.

सगळ्यात मोठा गोंधळ शंभर रुपयांचा. स्पर्धेआधी जाहीर झालं होतं की भारतातल्या साखळी सामन्यांची पहिल्या टप्प्यातली तिकिटं १०० रुपयांपासून मिळतील. आयसीसीच्या जागतिक स्पर्धेत इतकं स्वस्त तिकीट आधी कधी नव्हतं. 'साखळी' आणि 'पहिला टप्पा' हे शब्द लोकांच्या लक्षात राहिले नाहीत, शंभराचा आकडा राहिला. गुरुवारी उपांत्य फेरीत भारतानं ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं, जेमिमा रॉड्रिग्सनं नाबाद १२७ केल्या, आणि मग जो तो शंभराची नोट घेऊन रविवारी नेरूळला यायला निघाला.

दुपारी पाऊस सुरू झाला. नाणेफेक लांबली. टेबलावर प्लास्टिक ओढून मी उभी होते, तेवढ्यात एक सर आले. मागे अकरा मुली, सगळ्या बारा-तेरा वर्षांच्या, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या चपला, केस भिजलेले. सांगली जिल्ह्यातून रात्रीच क्रूझर करून निघाले होते. सर शाळेत शिकवतात आणि संध्याकाळी या मुलींना क्रिकेट शिकवतात.

"मॅडम, जरा बघता का? भाच्यानं पुण्यातून काढली तिकिटं. आठ एका रेटची, चार दुसऱ्या. मी म्हटलं मागाहून काढली म्हणून भाव वाढला असंल. आता गेटवरचा म्हणतोय चार जणांनी तिकडच्या बाजूनं जायचं."

मी तिकिटं बघितली. भाव वाढला वगैरे काही नव्हतं. आठ वरच्या मजल्याची होती आणि चार खालच्या मजल्याची, मैदानाच्या दुसऱ्या अंगाची. गेट वेगळं, जिना वेगळा, आत गेल्यावर एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही. बारा तिकिटं आणि मोठं माणूस एकच.

सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. पेपरात शंभर वाचून त्यांनी मुलींकडून तिकिटाचे शंभर-शंभरच जमवले होते, वरचे सगळे स्वतःचे. "पैशाचं जाऊ द्या," ते म्हणाले. "पण चौघींना भारी तिकीट आणि आठ जणींना हलकं, हे मी पोरींना कोणत्या तोंडानं सांगू? नेटमध्ये मी सगळ्यांना सारखेच चेंडू देतो."

मुलींना अर्थातच कळलं होतं. त्यांच्यातली एक, बहुधा कर्णधार, पुढे आली. "सर, धाकट्या चौघी खाली जाऊ देत. त्यांना जवळनं दिसंल." धाकट्यांपैकी एकीनं लगेच मान हलवली. तिला एकटीला कुठेच जायचं नव्हतं.

मी काही क्षण नुसती तिकिटं हातात धरून उभी राहिले. चार खालची. आणि सकाळच्या त्या आजी, चार वरची. त्यांचा नंबर मी घेतला नव्हता. आपलं काम तिकीट बदलायचं नाही, म्हणून नाही म्हणून मोकळी झाले होते, एवढंही सुचलं नव्हतं की असंच अडलेलं दुसरं कुणी येऊ शकतं. नाट्यगृहात मी हे रोज करते. एकट्या बाईला मधली खुर्ची मिळाली आणि पलीकडे जोडपं तुटलं असेल, तर दोघांना विचारून अदलाबदल करून देते. इथे गर्दी बघून मला तीही बुद्धी राहिली नाही, याची खंत अजून आहे.

सुपरवायझरना जाऊन विचारलं. ते म्हणाले, दोन्ही तिकिटं अजून गेटवर स्कॅन झालेली नसतील आणि दोन्ही कुटुंबं राजी असतील तर आपसात बदलायला माझी हरकत नाही, फक्त टेबलावर पैशाचा व्यवहार नको. टेबल सहकाऱ्याकडे सोपवलं आणि पावसात निघाले. काठीवाल्या आजी शोधायच्या होत्या. त्या गर्दीत जिकडे तिकडे निळे शर्ट, निम्म्यांवर कोहली आणि धोनीची नावं, उरलेल्यांवर हरमनप्रीत आणि स्मृती. स्मृती मानधना सांगलीची, हे त्या मुलींनी मला तेवढ्यात दोनदा सांगितलं होतं. वरच्या मजल्याच्या गेटवर विचारलं, तिथून आत गेल्या नव्हत्या. पार्किंगच्या बाजूला बघितलं. पंचवीस-तीस मिनिटं गेली असतील. मला वाटलं, कंटाळून घरी गेले.

ते रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली होते. आजी पायरीवर बसल्या होत्या. सून परत जायचं म्हणत होती आणि नात रडवेली झाली होती. मी धापा टाकत सांगितलं. आजींनी पहिला प्रश्न विचारला, "त्या पोरींचं नुकसान नाही ना होत यात?"

टेबलापासून दूर, एका झाडाखाली सगळे जमले. तिकिटं बदलली. आजींचे चिरंजीव फरकाचे पैसे देऊ लागले, तर मला वाटलं सर नको म्हणतील. त्यांनी घेतले. खिशातून छोटी वही काढली, तारीख टाकली, रक्कम लिहिली आणि खाली 'बॉल' असं लिहून ठेवलं. "लेदर बॉल संपलेत," मला म्हणाले. मला तो माणूस फार आवडला.

मग मुलींना गोल उभं करून मी सांगितलं की वरची जागा हलकी नाही. किंमत कमी आहे कारण खेळाडूंचे चेहरे जवळून दिसत नाहीत. पण क्षेत्ररचना शिकायची असेल तर वरच बसावं. प्रत्येक चेंडूआधी कोण दोन पावलं आत आली, कोण मागे गेली, ते खाली बसून कळत नाही. त्या धाकटीनं विचारलं, "म्हणजे महागवाल्यांना हे दिसणारच नाही?" मी म्हटलं, "इतकं नाही दिसणार."

खेळ तीनऐवजी पाचला सुरू झाला. मी सामना पाहिला नाही, फक्त ऐकला. शफाली वर्मा ८७ वर बाद झाली तेव्हा आतून आलेला तो लांब सुस्कारा. भारताच्या २९८. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वुलफार्ट शतकाकडे जाऊ लागली तशी पसरलेली शांतता, आणि १०१ वर ती गेली तेव्हाचा कल्लोळ, ज्यानं आमच्या टेबलावरचा रिकामा स्टीलचा ग्लास थरथरला. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतनं मागे धावत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विजय, भारताच्या बायकांचा पहिला विश्वचषक. गेटवरची महिला पोलीस, चहावाला आणि मी, आम्ही तिघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. आधी एकमेकांना नावानंही ओळखत नव्हतो.

आजींचं कुटुंब गर्दी ओसरायच्या आधीच दुसऱ्या बाजूनं गेलं असणार, दिसलं नाही. मुली मात्र टेबलाशी आल्या. आवाज बसलेले, गालांवर तिरंगा ओघळलेला. सर एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

धाकटी माझ्याजवळ थांबली.

"मॅडम, ते शंभराचं तिकीट परत कधी असतं?"

मी तिला सांगितलं की ते साखळी सामन्याला होतं आणि पहिल्या टप्प्यात काढावं लागतं. तिनं सरांकडून वही घेतली आणि 'बॉल'च्या खाली ते लिहून घेतलं.