नाशिकला घड्याळ ३८ मीटर वर चढलं त्याची गोष्ट

मागच्या मे महिन्यात मावशीकडे नाशिकला चार दिवस जाऊन आले. फोटो दाखव दाखव म्हणून सगळे मागे लागलेत, पण काढले साडेतीनशे आणि बरे आले मोजून चार, आणि त्या चारांमागची भानगड सांगितल्याशिवाय ते दाखवण्यात काही मजा नाही.

तर झालं असं की एप्रिलमध्ये मी हप्त्यावर नवीन फोन घेतला आणि त्याच्या नादात एक स्मार्टवॉच पण घेतलं ज्यात बॅरोमीटर आहे. बॅरोमीटर कशाला लागतो ते विचारू नका, दुकानातल्या पोराने "मॅडम ट्रेकला उंची कळते" सांगितलं आणि मी वर्षातून एकदा सिंहगड चढणारी बाई लगेच घेऊन मोकळी झाले. पुण्याहून एसटीत बसल्यापासून माझं तेच चाललं होतं, नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरी घाट आला आणि उतारावर आकडे भराभर खाली यायला लागले तशी मी एकटीच हसतेय. शेजारच्या काकांनी शेवटी विचारलंच, "बीपी बघताय का?"

मावशी पाथर्डी फाट्याला राहते. गच्चीतून पांडवलेणीचा डोंगर समोर दिसतो. पहिला दिवस खाण्यात गेला, सकाळी मिसळ (नाशिकची मिसळ पापडासकट येते आणि तो पापड आधी खायचा की बुडवून खायचा यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत), दुपारी झोप, संध्याकाळी रामकुंड. दुतोंड्या मारुतीपाशी फोटो काढले, पाणी नुसतं पायाशी. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की लोक विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, सगळ्या नाशिकचा तोच मीटर. २०१९ च्या पुराचे फोटो मावसभावाने दाखवले. त्यात मारुती कुठे आहे ते शोधावं लागतं.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. मावशीने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून, सोऱ्यातून घातलेल्या, दोन धोतरं भरून. जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये कूलरसमोर लोळत पडले होते आणि सहज घड्याळ बघितलं तर उंची ६२८ मीटर. सकाळी दहाला त्याच सोफ्यावर ५९० होती. मी हलले सुद्धा नव्हते!

भाऊ म्हणाला ताई तू जेवलीस किती. मी मात्र वैतागले, रीस्टार्ट केलं, मग कॅलिब्रेट केलं, परत वीस मिनिटांनी चार मीटर वर. म्हटलं गेले पैसे, पीस खराब आहे, पुण्याला गेल्यावर बदलून मागायचा.

साडेचारला आम्ही पांडवलेणीला निघालो. निघताना मावशीला विचारलं पाऊस येईल का गं, थोडं ढगाळ वाटतंय. तिने गच्चीच्या दारातून बाहेर नजर टाकली आणि निकाल दिला, "नाही येत. वळीव येतो सिन्नरच्या बाजूने, आणि आज वारं त्र्यंबककडचं आहे. जा बिनधास्त, येताना कोथिंबीर आणा." तीस वर्षं गच्चीवर वाळवणं घालणारी बाई, आपण काय बोलणार.

डोंगर पायऱ्यांनी चढायला वीसेक मिनिटं लागतात, माझ्यासारखीला पंचवीस. वर चोवीस लेणी आहेत एका ओळीत, पांडवांचा तसा काही संबंध नाही, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. पोचलो तेव्हा उजेड एकदम विचित्र झाला होता, सगळीकडे हळदीचं पाणी शिंपडल्यासारखा, खालची शहरातली घरं, भावाचं तोंड, दगड, सगळं पिवळं. वारा ठप्प. मी धडाधड फोटो काढायला लागले आणि स्क्रीनवर बघते तर साधी छान निवळलेली संध्याकाळ! पिवळा रंग गायब. काळा ढग होता तो राखाडी. म्हणजे फोनला वाटलं की हा पिवळेपणा चूक आहे, त्याने व्हाइट बॅलन्स आपोआप दुरुस्त केला, आणि अंधार दिसला म्हणून उजेडही वाढवून दिला. एवढे पैसे देऊन घेतलेला फोन आणि समोरचं वादळ पुसून टाकतोय.

मग भावाने दाखवलं. प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ऊन्हाच्या चिन्हावर ठेवायचा, आणि ढगावर बोट दाबून धरलं की फोकस-एक्स्पोजर लॉक होतं, मग तो छोटा सूर्य खाली ओढायचा. तेव्हा कुठे पिवळं ते पिवळं आलं. चारांतला पहिला फोटो हा.

तेवढ्यात उजवीकडून, म्हणजे बरोब्बर सिन्नरच्याच बाजूने, धुळीची भिंत येताना दिसली. खालच्या इमारती एकेक करून त्यात गेल्या. पहिल्यांदा गार वारा आला, असा गार की अंगावर काटा, आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं तर लेण्याच्या दारात उभ्या उभ्या मी पाच-सात मिनिटांत पंधरा मीटर खाली! तेव्हा मला ते लक्षात आलं. घड्याळाला उंची बिंची काही कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कळतो, आणि दाब कमी झाला की ते समजतं आपण वर चढलो. साधारण एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साडेआठ-नऊ मीटर. दुपारभर दाब उतरत होता म्हणून मी सोफ्यावर चढत होते, आणि आता वादळातली जड गार हवा वरून धाडकन खाली आली, दाब वाढला, मी उतरले. पीस एकदम ओके होता, मीच रीस्टार्ट करत बसले होते.

मग टपोरे थेंब, मग गारा. वॉचमन मामा ओरडले, रेलिंगला हात लावू नका, आत या, आत. आम्ही दहा-पंधरा जण दहा नंबरच्या लेण्यात घुसलो. भावाच्या फोनमध्ये दामिनी अ‍ॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने काढलेलं, वीज कुठे पडतेय ते दाखवतं, ते नुसतं लाल झालं होतं. मी आपली सेकंद मोजत होते, चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदाला एक किलोमीटर, नऊ आले, मग सहा, मग मोजायला वेळच मिळेना.

आता जागा बघा कुठली. हे लेणं नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने, साधारण १९०० वर्षांपूर्वी दान दिलं. ओसरीत ब्राह्मी लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली, व्याज महिन्याला शेकडा एक, आणि त्या व्याजातून इथे पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी म्हणजे कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशोब करून बघा, वर्षाचं व्याज २४०, वीस जणांना बारा बारा, पै न् पै जुळते. गोवर्धन गाव आजही आहे, गंगापूर रोडला. म्हणजे पावसात डोंगरावर अडकलेल्या लोकांसाठीच खोदलेली जागा ही, आणि आम्ही अगदी नियमाप्रमाणे तिथे अडकलो होतो, फक्त आम्हाला कपड्याचे पैसे कोणी दिले नाहीत आणि भिजलो मात्र भरपूर.

विजेचा फोटो काढायचा होता. बोटाने जमत नाही हो, दिसली म्हणून दाबेपर्यंत ती गेलेली असते. त्यात स्क्रीनवर पाणी पडलं की फोनला तेही बोटच वाटतं, आपोआप झूम, आपोआप सेल्फी, एकदा तर कोणाला तरी कॉल लागला. मग आवाजाचं बटण शटरसारखं वापरलं आणि फोरके व्हिडिओ लावून फोन दगडावर टेकवून ठेवला, घरी जाऊन फ्रेम काढू म्हणून. मिनिटाला चारशे एमबी जातात, पण जाऊदेत. सव्वीस मिनिटांत वीज सापडली दोन फ्रेममध्ये, आणि त्यातली एक अर्धीच उजळलेली, वरचं आभाळ पांढरंफट आणि खालचा अर्धा फोटो अंधारात, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. कारण सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळ ओळ करत वाचतो, आणि वीज मध्येच येऊन जाते. लोक याला बिघडलेला फोटो म्हणतील. मला चारांत हाच आवडतो.

अंधार पडता पडता उतरलो. पायऱ्यांवरून पाणी वाहतंय, मातीचा वास, गाडीच्या सीटवर गारांचा ढीग. कोथिंबीर विसरलो.

घरी लाईट गेलेली आणि मावशी मेणबत्तीच्या उजेडात बादलीसमोर बसलेली. बादलीत कुरडयांचा परत चीक झाला होता. कोणी काही बोललं नाही. वाऱ्याची दिशा पाच वाजता फिरली म्हणे, ती धावत वर जाईपर्यंत एक धोतर शेजारच्यांच्या टाकीवर. मी फोन चार्जिंगला पॉवर बँकेला लावला तर पोर्टमध्ये ओल आहे असा मेसेज, तशी ती एकदम उठली, "तांदळात ठेव." तांदळात ठेवू नका असं फोनवाल्या कंपन्याच सांगतात, कण आत जातात, पण मघाच्या प्रसंगानंतर तिला आणखी एका बाबतीत चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ठेवला. ती झोपल्यावर काढून पंख्याखाली ठेवला, अर्थात लाईट आल्यावर.

तिला घड्याळाचं सांगितलं मात्र, उंची कशी वाढत होती ते. ती बराच वेळ मनगट धरून बसली. "म्हणजे हे सकाळपासून सांगत होतं, आणि तू त्याला बंद-चालू करत होतीस?"

तिसऱ्या दिवशी कडक ऊन. दुपारी चारला बघितलं तर घड्याळ पुन्हा सत्तावीस मीटर वर, आणि आभाळात बोटभर ढग नाही. मग वाचलं तेव्हा कळलं की आपल्याकडे रोजच सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त असतो आणि दुपारी चारला सगळ्यात कमी, तीन-साडेतीन हेक्टोपास्कलचा फरक रोजचाच. म्हणजे आदल्या दिवशीच्या ३८ मधले बरेचसे मीटर रोजचेच होते, वादळाचे थोडेच. खरं वादळाचं होतं ते लेण्यातलं पंधरा मीटर खाली येणं, पण ते कळतं तेव्हा गार वारा तोंडावर आलेला असतो.

हे सगळं मी मावशीला नीट समजावलं, दोनदा. तिने हो हो केलं.

आता पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. रोज दुपारी चारला फोन येतो.

"किती वर आहे गं तुझं घड्याळ?"

"मावशी, ते पुण्याचं दाखवतं, आणि रोजच चढतं, सांगितलं ना."

"असू दे. किती?"

"चोवीस."

"बरं, काढते पापड."