आल्याची बरणी : चौथी नोंद

मागच्या नोंदीत माझ्या संग्रहातल्या या झाकणाच्या चिनी बरणीपुढे मी तिचा काळ 'कांगशी, १७०० च्या आसपास' असा लिहिला होता. आज ते खोडून 'ग्वांगशू, १८७५ ते १९०८' असं केलं. दोन्ही चिनी बादशहांच्या कारकिर्दींची नावं. कशावरून, ते सांगते.

बरणी वीतभर उंच. गडद निळ्या जमिनीवर तडकलेल्या बर्फाच्या रेषा आणि त्यावर पांढरी फुलं. इंग्रज संग्राहक या फुलांना हॉथॉर्न म्हणत आले, पण ती चिनी प्लमची आहेत, हिवाळा सरता सरता फुलणारी. बुडाला दुहेरी निळं वर्तुळ आणि आत चार चिनी अक्षरं, अर्थ 'कांगशीच्या कारकिर्दीत घडवलेली'. माझी सगळी भिस्त याच चार अक्षरांवर होती.

कांगशी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण १६७७ मध्ये जिंगदजेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावातल्या स्थानिक अधिकाऱ्यानं भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली. म्हणून त्या काळच्या कितीतरी अस्सल भांड्यांच्या बुडाला नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ असतं, नाहीतर एखादं पान. चार अक्षरी कांगशी शिक्का मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बरण्यांवर सर्रास सापडतो. १८६० च्या दशकात लंडनमध्ये व्हिसलर, रोझेट्टी यांच्यासारखे चित्रकार निळी-पांढरी चिनी भांडी जमवू लागले, मागणी वाढली, आणि जुने नमुने पुन्हा भट्टीत गेले. याला सरसकट फसवणूक म्हणणं मला पटत नाही. आधीच्या बादशहाचा शिक्का आदरानं घालायची रीत चीनमध्ये जुनीच आहे.

मग शिक्का विसरून बरणी पालथी केली आणि दहापट भिंग घेऊन बसले. बुडाची बिनझिलईची कडा खरखरीत, घाईत तासलेली. कांगशी काळातल्या चांगल्या भांड्याची कडा बोटाला गुळगुळीत लागते आणि झिलई अंगाला घट्ट चिकटलेली असते. माझ्या बरणीची झिलई संत्र्याच्या सालीसारखी, बारीक खड्ड्याखड्ड्यांची. तिरप्या उजेडात हे चटकन दिसतं, समोरून लाइट टाकला की लपतं.

निर्णय पक्का झाला तो निळ्या रंगावर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी पाहायला दोनदा गेले. काचेआड बूड दिसत नाही, रंग मात्र मनसोक्त पाहता येतो. कांगशीच्या उत्तम कामात कोबाल्टचा निळा थराथरांनी चढवलेला असतो, फिकटातून गडदात जाणारा, त्यामुळे सपाट जमिनीलाही खोली येते. माझ्या बरणीवर तो एकाच थरात सपाट भरलेला आहे आणि बर्फाच्या रेषा जाळीसारख्या एकसारख्या ओढल्या आहेत.

झाकणाचं मात्र वेगळंच दिसतंय. त्याचा निळा बरणीशी जुळत नाही, कडेला दोन मिलिमीटर जास्त भरतं, आणि भिंगाखाली रंगाचे थर स्पष्ट दिसतात. आल्याच्या बरण्यांची झाकणं फुटून बदलली जातात हे तुम्हाला ठाऊकच आहे. झाकणापुढची तारखेची जागा मी सध्या कोरी ठेवली आहे.